झोन मोजणाऱ्या मुलीस

चिंचवड,
रविवार

चि. सायलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, मी पीएचडी करतेय की टेक्निशियनची नोकरी, हेच कळेनासं झालंय." आणि लगेच गप्प झालीस, कारण आपण कोणाशी बोलतोय हे तुझ्या लक्षात आलं असणार. मनाला लावून घेऊ नकोस. मला राग नाही, हसू आलं. टेक्निशियन म्हणूनच जन्मभर पगार घेतला, तो शब्द मला काय टोचणार? पण बोलायचं होतं ते फोनवर मावणारं नव्हतं, म्हणून हे पत्र. (बाबा म्हणाले, व्हॉइस नोट पाठव. त्यांना म्हटलं, तुम्ही चहा घ्या.)

तुझी तक्रार मला कळली ती अशी. तुमच्या लॅबमध्ये कोणी मातीतले जंतू वाढवतो, कोणी त्यांचा अर्क काढून घटक वेगळे करायला कॉलमवरून उतरवतो, कोणी तो रेणू कसा आहे ते बघायला क्रिस्टल घेऊन एक्स-रेकडे धावतो. तुझ्याकडे मात्र प्रत्येकाच्या नळ्या येतात आणि त्यात माल, म्हणजे जंतू मारणारं औषध, आहे की नाही, असला तर किती, एवढं तू अगारच्या (जंतू वाढवायच्या जेलीच्या) प्लेटवर बघून सांगायचं. शोध त्यांचा, मोजणी तुझी. आणि तुझ्या त्या सीनियरने "अगं, हे काम कोणीही करेल" असं म्हटलं, ते तुला लागलंय.

हे काम सगळ्यात आधी कोणी केलं ते तुला ठाऊक आहे का? मला बरीच वर्षं नव्हतं. सिलिंडर प्लेट, म्हणजे अगारवर नळकांड्या उभ्या करून औषध मोजायची पद्धत, मी रोज लावायची, पण ती कोणाच्या डोक्यातून निघाली हा प्रश्न पडायला तेव्हा वेळच नव्हता. रिटायर झाल्यावर वाचलं. त्याचं नाव नॉर्मन हीटली.

फ्लेमिंगचं तुला शाळेपासून माहीत आहे. १९२८ चा सप्टेंबर, लंडनचं सेंट मेरीज हॉस्पिटल, स्टॅफिलोकॉकस जंतूंच्या प्लेटवर उगवलेली बुरशी आणि तिच्याभोवतीची मोकळी जागा. पाठ्यपुस्तकात गोष्ट इथेच संपते आणि पुढच्या ओळीत औषध तयार होतं. मधली बारा वर्षं कोणी सांगत नाही. फ्लेमिंगने १९२९ मध्ये निबंध छापला, पण बुरशीच्या रसातून ती जंतू मारणारी वस्तू, म्हणजे पेनिसिलीन, वेगळी काढणं जमलं नाही. काढायला जावं तर नासायची. त्यामुळे विषय तसाच पडून राहिला.

१९३९ मध्ये ऑक्सफर्डला फ्लोरी आणि चेन यांनी तो उचलला. फ्लोरी ऑस्ट्रेलियाचा, पॅथॉलॉजीचा प्राध्यापक. चेन बर्लिनहून हिटलरच्या छळामुळे निघून आलेला ज्यू बायोकेमिस्ट, हुशार आणि तापट. आणि तिसरा हीटली, अठ्ठाविशीतला, शांत, हाताचा फार कसबी. त्याच्याकडे आलं ते तुझंच काम: बुरशी वाढवायची आणि रसात पेनिसिलीन किती आहे ते मोजायचं.

आता इथे जरा थांब, कारण यातली अडचण मला फार आवडते. जी वस्तू शुद्ध स्वरूपात जगात कोणी पाहिलेली नाही, जिचा रेणू कसा आहे ते माहीत नाही, ती मोजायची कशी? वजन करता येत नाही, कारण हातात आलेल्या तपकिरी भुकटीत पेनिसिलीन अगदी थोडं, बाकी सगळा कचरा. मग हीटलीने जंतूंनाच तराजू केलं. अगारमध्ये जंतू पेरायचे, वर छोट्या नळकांड्या उभ्या करायच्या, त्यात रस भरायचा आणि प्लेट रात्रभर ऊबेत ठेवायची. सकाळी नळकांडीभोवती जंतू न वाढलेलं वर्तुळ दिसतं, ते मोजायचं. स्वतःजवळच्या एका द्रावणाला त्याने प्रमाण धरलं आणि बाकी सगळं त्याच्याशी ताडून पाहिलं. त्यातून ऑक्सफर्ड युनिट निघालं. पुढे शुद्ध पेनिसिलीन मिळाल्यावर कळलं की एक युनिट म्हणजे ०.६ मायक्रोग्रॅम. पण युनिट गेलं नाही. संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप बिघडलेल्या मुलांना दर तीन आठवड्यांनी पेनिसिलीन टोचतात, तेव्हा डॉक्टर आजही चिठ्ठीवर "१२ लाख युनिट" असंच लिहितात.

आणि मोजता यायला लागलं म्हणूनच पुढचं सगळं झालं. बुरशीला हे खाद्य घातलं तर रस वाढतो की कमी होतो? अर्क काढताना माल वाया जातोय तो कुठल्या पायरीला? मोजणी नसेल तर सगळा अंदाज. पेनिसिलीन नासायचं ते का, हेही त्या वर्तुळांनीच दाखवलं. आम्लात ते ईथरमध्ये उतरतं, पण आम्लात टिकत नाही. म्हणून सगळं थंड ठेवायचं आणि हात चटकन चालवायचा. ईथरमध्ये उतरवल्यावर पुन्हा पाण्यात आणायचं कसं, हा खरा पेच होता. हीटली म्हणाला, पाण्याचा सामू (पीएच) बदलून बघू, परत येईल. चेनला ते पटलं नव्हतं. हीटलीने करून दाखवलं. मग त्यासाठी त्याने एक यंत्र रचलं. डेअरीतलं दूध थंड करायचं उपकरण, जुना बाथटब, ग्रंथालयाने टाकून दिलेलं पुस्तकांचं कपाट, काचेच्या नळ्या, आणि बाटली बदलायची वेळ झाली की वाजणारी दारावरची घंटा. युद्धाचे दिवस, नवीन काही मिळत नव्हतं.

बुरशी द्रवाच्या पृष्ठभागावर सायीसारखी धरते, म्हणून पसरट भांडी हवीत. हॉस्पिटलची बेडपॅन चालली! त्याच आकाराची चिनी मातीची भांडी हीटलीने मग स्टोकजवळच्या कुंभारवाड्यातून करवून घेतली आणि १९४० च्या नाताळाच्या तोंडावर मागून आणलेल्या व्हॅनमधून स्वतः जाऊन आणली. ती भरायला, उपसायला, धुवायला सहा मुली ठेवल्या होत्या. त्यांना सगळे "पेनिसिलीन गर्ल्स" म्हणत. त्या थंडीत काम करायच्या, कारण माल थंडच ठेवावा लागे.

उंदरांचा प्रयोग झाला २५ मे १९४० ला. आठ उंदरांना जीवघेणे स्ट्रेप्टोकॉकस जंतू टोचले, चौघांना पेनिसिलीन दिलं, चौघांना नाही. रात्री बाकीचे घरी गेले, हीटली उंदरांपाशी बसून राहिला. पहाटे साडेतीनच्या सुमाराला औषध न दिलेले चारही उंदीर मेले होते, दिलेले चारही जिवंत होते. तो सायकलवरून ब्लॅकआउटमधल्या अंधारात घरी गेला. सायली, तुझ्या सीनियरला विचार, रात्रभर उंदरांपाशी बसणं हे "कोणीही करेल" अशातलं काम आहे का? कदाचित असेल. पण त्या रात्री ते एकानेच केलं.

पुढच्या फेब्रुवारीत अल्बर्ट अलेक्झांडर नावाच्या पोलिसाला औषध दिलं. चेहऱ्यावर संसर्ग इतका की एक डोळा काढावा लागलेला. एका दिवसात ताप उतरला, तो जेवायला लागला. औषध अपुरं होतं, म्हणून त्याच्या लघवीतून बाहेर पडणारं पेनिसिलीन गोळा करून परत शुद्ध केलं आणि परत त्यालाच टोचलं. तरी पुरलं नाही. साठा संपला, संसर्ग उलटला, आणि १५ मार्च १९४१ ला तो गेला. त्यानंतर त्यांनी जास्त करून लहान मुलं निवडली, कारण लहान शरीराला औषध कमी लागतं. हे वाचताना मला नेहमी कसंतरी होतं, पण त्यात गणित आहे, आणि ते बरोबर होतं.

भौतिकशास्त्राचा भाग थोडक्यात सांगते, कारण तो तुला माझ्यापेक्षा जास्त कळतो. रेणूची रचना कशी यावर केमिस्ट लोक भांडत होते. चार अणूंचं ताणलेलं कडं असेल हे रॉबिन्सनसारख्या बड्या केमिस्टला मान्य नव्हतं. कॉर्नफोर्थ नावाचा दुसरा केमिस्ट म्हणे असंही म्हणाला होता की तसं निघालं तर मी केमिस्ट्री सोडून मशरूम पिकवीन. डोरोथी हॉजकिनने १९४५ मध्ये एक्स-रेने दाखवून दिलं की कडं चारचंच आहे. कॉर्नफोर्थने केमिस्ट्री काही सोडली नाही, उलट पुढे नोबेल मिळवलं. आणि ते कडं ताणलेलं, पटकन तुटणारं, म्हणून तर माल नासायचा आणि म्हणूनच जंतूंची भिंतही त्याच्यापुढे टिकत नाही. हीटली १९४० मध्ये बर्फ वापरत होता तो कशासाठी, ते १९४५ मध्ये समजलं.

आता कडू भाग. मी तो लपवणार नाही. नाहीतर "कर्म करत राहा, फळाची चिंता नको" छापाचं प्रवचन होईल, आणि ते तुला मामांकडून हवं तेवढं मिळतं.

१९४१ च्या उन्हाळ्यात फ्लोरी आणि हीटली अमेरिकेला गेले. इलिनॉयमधल्या पिओरियाच्या सरकारी प्रयोगशाळेत हीटली मॉयर नावाच्या माणसाबरोबर कामाला राहिला. मक्याचं स्टार्च काढताना उरणारं पाणी बुरशीला घातलं आणि उत्पादन कितीतरी पटींनी वाढलं. निबंध दोघांच्या नावाने छापायचा असं ठरलं होतं. मॉयरने तो एकट्याच्या नावाने छापला. १९४५ चं नोबेल फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन यांना मिळालं. तिघांपेक्षा जास्त जणांना ते तोवर कधी दिलंच नव्हतं. हीटलीला ऑक्सफर्डने मानद वैद्यकीय डॉक्टरेट दिली ती १९९० मध्ये. वैद्यकीय डॉक्टर नसलेल्या माणसाला ती पदवी देण्याची त्या विद्यापीठाच्या आठशे वर्षांतली ती पहिलीच वेळ. तेव्हा तो ७९ वर्षांचा होता.

लोक हे फार कौतुकाने सांगतात, किती नम्र माणूस, कधी तक्रार केली नाही म्हणून. मला ते कौतुक पटत नाही. तो नम्र होता ही त्याची गोष्ट. त्याचं नाव गाळलं ही दुसऱ्यांची. एकाच्या नम्रपणावर दुसऱ्याचं फावू नये. लॅबमध्ये आम्हा बायकांच्या बाबतीत तर हे इतकं सहज होतं की करणाऱ्यालाही आपण काही केलं असं वाटत नाही.

म्हणून दोन्ही गोष्टी एकदम सांगते, तुला त्या उलटसुलट वाटल्या तरी चालतील. मोजणीला हलकं समजू नकोस. आणि मोजणी तुझी आहे हे कागदावर असू दे. नोटबुकात प्रत्येक प्लेटला तारीख, सॅम्पल कोणी दिलं, प्रमाण द्रावण कुठल्या लॉटचं, वाचन कोणी घेतलं, आणि खाली तुझी सही. खाडाखोड झाली तर एक रेघ मारून वर सही, व्हाइटनर नाही. पेपरचा पहिला मसुदा फिरायला लागला की मॅडमना समोरासमोर विचार, नावांच्या यादीत मी कुठे आहे. मेल नको, ग्रुपवर तर मुळीच नको. नीट, आवाज न चढवता, पण विचारच. आणि यादी जर्नलकडे जायच्या आधी विचार, नंतर विचारून काही होत नाही.

तुझ्या आजोबांचं सांगायचं राहिलं. १९५४ मध्ये सरकारने पिंपरीला पेनिसिलीनचा कारखाना काढला, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची मदत घेऊन. हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, आपण अजून ज्याला एच.ए. म्हणतो तोच. आजोबा तिथे फर्मेंटेशनला होते. रात्रपाळीहून आले की कपड्यांना एक वास असायचा, तो मला अजून ओळखता येईल. त्यांना विचारलं, "आज काय केलंत?" तर म्हणायचे, "बुरशीला जेवायला घातलं." यापलीकडे कधी काही सांगितलं नाही. मी बी.एस्सी. मायक्रो केलं ते त्या वासापायी असं उगाच म्हणणार नाही. मार्क तेवढेच होते.

सिलिंडर प्लेटचं थोडं सांगते, कारण तुझे झोन, म्हणजे ती जंतू न वाढलेली वर्तुळं, लांबट येतात म्हणालीस. टेबल बघ. आमच्याकडे अगार ओतण्याआधी टेबलावर पाणसळ ठेवायचो, गवंडी ठेवतो तशी. टेबल जरा कललं की अगार एका बाजूला जाड होतो आणि वर्तुळाचं अंडं होतं. सिलिंडर किंचित कोमट करून ठेव म्हणजे तो अगारमध्ये बसतो. गार ठेवलास तर खालून गळतो, जास्त गरम ठेवलास तर तळाला जातो. ठेवताना चिमट्याने सरळ सोडायचा, दाबायचा नाही. एकदा ठेवला की हलवायचा नाही, मनासारखा नसला तरी. भरल्यावर प्लेट इनक्युबेटरला नेताना चाल संथ ठेव. आमच्याकडे नवीन मुली आल्या की पहिले काही दिवस फक्त पाणी भरलेल्या प्लेटा या टेबलावरून त्या टेबलावर नेत असत.

दिवाळीला येणार असशील तर उद्यान एक्सप्रेसचं तिकीट आत्ताच काढून ठेव, नंतर वेटिंगच मिळतं. भाजणी दळून ठेवते. तिथल्या गार हवेत रात्री लॅबमधून परतताना स्वेटर घालत जा, आणि एकटी निघू नकोस.

तुझी,
आई

ता. क. तुझ्या त्या फ्रॅक्शनचा (कॉलमवरून उतरलेल्या भागाचा) झोन पहिल्या दिवशी मोठा येतो आणि दुसऱ्या दिवशी नाहीसा होतो म्हणालीस. रेणू गेला असं लगेच धरू नकोस. ज्या सॉल्व्हंटमध्ये उतरवलंस तो नुसताच एका सिलिंडरमध्ये घालून बघ, कदाचित झोन त्याचाच असेल आणि तो सॉल्व्हंट रात्रीत उडून जात असेल. तसं नसेल तर त्याच फ्रॅक्शनचे तीन भाग कर: एक बर्फात, एक बाहेर, एक सामू सातला आणून. दुसऱ्या दिवशी तिन्ही एकाच प्लेटवर लाव आणि काय येतं ते मला कळव.