पिशवी काढण्याआधी एकदा नीट तपासा

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

ऊसतोडीच्या टोळ्या गावी परतल्या की उपकेंद्रात एकच गाऱ्हाणं असतं: अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं. फडावर न्हाणी नाही, आडोसा नाही, खाडा केला की मुकादम पैसे कापतो. हंगामभर दुखणं अंगावर काढलेलं असतं. मग कोणीतरी सांगतं, गर्भाची पिशवी सडलीय, कॅन्सर होईल, काढून टाका.

२०१९ मध्ये बीडमधल्या या शस्त्रक्रियांची चौकशी झाली, जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीची अट आली. बरं झालं. पण ती शेवटची पायरी. पहिल्या पायरीवर आम्ही काय करतो? ‘पांढरं जातं’ म्हटलं की हिरवं किट हातात. त्यातल्या गोळ्या योनिमार्गातल्या संसर्गाच्या. गर्भाशयाच्या तोंडाशी गोनोरिया किंवा क्लॅमिडिया हा लैंगिक संबंधातून होणारा संसर्ग असेल तर करडं किट लागतं, आणि स्राव कुठून येतोय हे स्पेक्युलम (योनिमार्ग उघडून आत पाहायचं साधन) लावल्याशिवाय दिसत नाही. काहीजणींना तर काहीच झालेलं नसतं. दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत थोडं पांढरं जायचंच.

डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत ६५० बायका तपासल्या. १९८९ मध्ये ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. ९२ टक्के बायकांना काही ना काही आजार निघाला; त्याआधी कधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. म्हणजे ही गोष्ट सरकारला नवी नाही.

सूक्ष्मदर्शक आरोग्य केंद्रात असतो, पण मलेरिया आणि थुंकीच्या नमुन्यांपुरता. सलाईनच्या थेंबात स्राव मिसळून स्लाइड लगेच पाहिली तर ट्रायकोमोनास हा संसर्गाचा परजीवी वळवळताना दिसतो. ‘जेवून बघू’ म्हणून ठेवली, की तो निपचित पडतो आणि रिपोर्ट कोरा येतो. स्रावाची आम्लता दाखवणारी पीएचची पट्टी तर याहून सोपी: ४.५ च्या वर गेली की यीस्ट या बुरशीपेक्षा जिवाणूंचा नाहीतर ट्रायकोमोनासचा संशय घ्यायचा.

ट्रायकोमोनास निघाला तर नवऱ्यालाही गोळी हवी. बायकोच्या हाती पाठवलेली गोळी पदराच्या गाठीतच राहते. हे काम पुरुष आरोग्यसेवकांकडे द्या.

दसऱ्यानंतर टोळ्या पुन्हा निघतील. त्याआधी ऊसतोड तालुक्यांतल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आतून कडी लागणारी तपासणीची खोली, स्पेक्युलम आणि पीएचच्या पट्ट्या पोचवा. आणि शस्त्रक्रियेच्या परवानगीच्या अर्जात एक रकाना वाढवा: ‘याआधी तपासणी कुठे झाली, काय निघालं, कोणता उपचार दिला?’

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका, बीड जिल्हा