परदेशी बियाणे कंपनी पाहण्याआधी शिरगावचा फुलोरा पाहावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या भागातील कृषी पदवीच्या विद्यार्थ्यांनी नेदरलँड्समधील एका भाजीपाला बियाणे कंपनीला दिलेल्या अभ्यासभेटीची बातमी आपल्या अंकात वाचली. माझी पुतणी त्या गटात असल्याने बातमीत न आलेलेही थोडे कानावर आले, म्हणून हा पत्रप्रपंच.

उपक्रम स्तुत्यच आहे. मात्र टोमॅटोच्या पैदास विभागात मुलांना पाऊल ठेवता आले नाही. हातांवरून, कपड्यांवरून पसरणारा टोमॅटोचा रुगोज विषाणू २०१९ मध्ये त्या देशात आढळला, तेव्हापासूनची ही खबरदारी असून तीत कंपनीचा दोष नाही. काचेपलीकडे कामगार न उमललेली कळी चिमट्याने उघडून परागकोष काढत होते, दुसऱ्या वाणाचे पराग कुक्षीवर लावत होते आणि पुढे संकराचे फळ ओळखू यावे म्हणून निदलांची टोके कातरत होते. ज्यांनी चिमटा कधी हातात धरलेला नाही, त्यांनी यातून फोटोंखेरीज काय आणले असेल, याची मला शंका आहे.

वास्तविक याच प्रकारचे काम रत्नागिरीजवळ शिरगावच्या आणि रायगडातील कर्जतच्या कृषी संशोधन केंद्रांत भातावर होते, तर खाऱ्या जमिनीत तगणाऱ्या भाताचे पनवेलच्या केंद्रात. भाताचे काम टोमॅटोपेक्षा किचकट आहे. आदल्या संध्याकाळी लोंबीतील एकेका फुलाचे टोक कातरून आतले सहाच्या सहा परागकोष काढायचे, लोंबीवर कागदी पिशवी चढवायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास, दुसऱ्या वाणाची फुले उमलली की, त्यांचे पराग तीवर झाडायचे. हळव्या, म्हणजे लवकर तयार होणाऱ्या, भाताचा फुलोरा नेमका गणपतीच्या आगेमागे येतो आणि तेव्हा आपली महाविद्यालये बंद असतात, ही अडचण मी जाणतो. पण परदेशी जाऊ इच्छिणाऱ्याने त्या सुट्टीतले दोन दिवस द्यायला हरकत नसावी.

दुसरे असे की, राखलेले बियाणे पेरण्याचा, देवाणघेवाणीचा आणि ब्रँडचे नाव न लावता विकण्याचा हक्क आपल्या शेतकऱ्याला २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने संरक्षित, म्हणजे दुसऱ्याने हक्क नोंदवलेल्या, वाणांबाबतही दिला आहे. तिथल्या शेतकऱ्याला यातले काय करता येते, हे त्या कंपनीत कोणीच विचारले नाही, कारण जाण्यापूर्वी हा कायदा मुलांना कोणी वाचायला दिलाच नव्हता.

तेव्हा पुढच्या गटाची निवड करताना स्वतः केलेल्या संकराची नोंदवही पाहूनच नाव घ्यावे आणि त्यासाठी महाविद्यालयांनी पावसाळ्यापूर्वीच शिरगाव केंद्राशी पत्रव्यवहार करावा, अशी आपल्या पत्रामार्फत विनंती आहे.

आपला,
एक भातशेतकरी, ता. लांजा, जि. रत्नागिरी