राजनिष्ठ पाद्री म्हणजे राजाचे भाट नव्हेत

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अमेरिकेच्या स्वातंत्र्याला अडीचशे वर्षे झाल्याच्या निमित्ताने आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. क्रांतीच्या तोंडावर इंग्लंडच्या राजाची बाजू घेणाऱ्या अँग्लिकन (इंग्लंडच्या अधिकृत चर्चच्या) पाद्र्यांची त्यात ‘राजाचे भाट’ म्हणून एका वाक्यात बोळवण केली आहे. हे वाचून वाईट वाटले.

अमेरिकेतल्या ब्रिटिश वसाहतींत पाद्र्यांना दीक्षा देणारा बिशप नव्हता. पाद्री व्हायचे तर समुद्र ओलांडून इंग्लंड गाठावे लागे आणि दीक्षा घेताना राजनिष्ठेची शपथ घ्यावी लागे. देवासमोर घेतलेली शपथ ब्रिटिश पार्लमेंटने लादलेल्या कराच्या भांडणापायी मोडायची कशी, हा त्यांच्यापुढचा खरा पेच होता.

शिवाय भोवती काय चालले आहे, तेही ते पाहत होते. १७७४ मध्ये काँटिनेंटल काँग्रेसने, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, ब्रिटिश मालावर बहिष्कार पुकारला आणि तो पाळला जातो का, हे पाहायला गावोगाव कमिट्या नेमायला सांगितले. न्यूयॉर्कजवळच्या वेस्टचेस्टरचे पाद्री सॅम्युअल सीबरी यांनी ‘शेतकरी’ या टोपणनावाने याविरुद्ध पत्रके काढली. त्यांत ते विचारतात, या लोकांना दार उघडून चहाचे डबे आणि काकवीचे बुधले तपासू देणार का? गुलामीच पत्करायची तर निदान राजाची पत्करीन, या उपटसुंभ कमिटीवाल्यांची नाही, असेही त्यांनी बजावले. त्यांना लेखी उत्तर दिले ते पुढे अमेरिकेचा पहिला अर्थमंत्री झालेल्या अलेक्झांडर हॅमिल्टनने, तेव्हा तो कॉलेजात शिकत होता. क्रांतीच्या बाजूच्या दुसऱ्या काहींनी मात्र नोव्हेंबर १७७५ मध्ये सीबरींना उचलून न्यू हेवनला नेले आणि कित्येक आठवडे डांबून ठेवले.

मेरीलंडचे पाद्री जोनाथन बाउचर तर समोरच्या गादीवर दोन भरलेली पिस्तुले ठेवून प्रवचन करत. सप्टेंबर १७७५ मध्ये त्यांना देश सोडावा लागला. राजाची सत्ता ईश्वरदत्त आहे, तिला लोकांची संमती लागत नाही, हे त्यांचे मत मला अजिबात मान्य नाही. बोस्टनचे बंदर बंद करणाऱ्या पार्लमेंटचा जुलूमही या मंडळींनी फार सौम्यपणे घेतला. पण हेच बाउचर एके काळी जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या सावत्र मुलाचे शिक्षक होते, आणि १७९७ मध्ये आपली जुनी प्रवचने छापताना त्यांनी ते पुस्तक वॉशिंग्टन यांनाच अर्पण केले.

लेखमालेच्या पुढच्या भागात सीबरींची पत्रके आणि हॅमिल्टनची उत्तरे यांतील उतारे शेजारी-शेजारी छापावेत, ही आग्रहाची विनंती.

— एक निवृत्त इतिहास शिक्षक, सातारा