विषय: थंडीत तुटलेला वायपर आणि काउंटरवर मिळालेलं उत्तर

तुमच्या टोल फ्री नंबरवरचा पाचवा कॉल आत्ताच संपला, म्हणजे पलीकडच्या बाईंनी मध्येच ठेवून दिला, म्हणून हे लिहितोय. गाडी जीए ०५ पासिंगची, घेऊन दीड वर्ष झालंय, वॉरंटी चालू आहे. बाकी सगळं तुमच्या सिस्टीमवर आहे, पाच वेळा सांगून झालंय, परत सांगणार नाही.

नाताळच्या सुट्टीत आम्ही फोंड्याहून मनालीला गाडीनेच गेलो. निघायच्या आठ दिवस आधी तुमच्याच सर्व्हिस सेंटरला गाडी दिलेली आणि जॉबकार्डवर "मनाली ट्रिप, फुल चेकअप" असं तुमच्या माणसाने स्वतःच्या हाताने लिहिलंय. थंडीसाठी वेगळं काही घालावं लागतं का, असं मी विचारलं पण होतं. काही नको सर, बिनधास्त जावा, म्हणाला. आणि काच धुवायच्या वॉशरच्या टाकीत साधं नळाचं पाणी भरून दिलं.

मनालीत दुसऱ्या दिवशी सकाळी डिस्प्लेवर उणे ४. दोन्ही ब्लेडं काचेला घट्ट चिकटलेली. वायपर आदल्या दिवसापासून ऑटोवरच, म्हणजे काच ओली दिसली की आपोआप फिरणाऱ्या सेटिंगवर राहिलेला, गाडी चालू केली तसा तो आपोआप उचलायला बघायला लागला, ब्लेडं सुटेनात, आतून मोटर घुमतेय आणि मग कट्ट करून आवाज. लगेच बंद केला. हीटर काचेवर सोडून वीस मिनिटं बसलो, ब्लेडं सुटली, दोनदा फिरवून बघितली, नीट फिरली, म्हणून निघालो.

अटल बोगदा ९.०२ किलोमीटरचा, आत सगळं कोरडं. पलीकडे लाहौलच्या बाजूला बाहेर पडलो तर बर्फ भुरभुरत होता आणि पुढचा ट्रक रस्त्यावरचा काळा राडा थेट आमच्या काचेवर उडवत होता. वायपर लावला. माझ्या बाजूचा हात अर्ध्या काचेपर्यंत आला आणि तिथेच लुळा पडला. बायकोच्या बाजूचा फिरतोय, माझा नाही. वॉशर ओढला तर एक थेंब नाही, पाणी गोठलेलं. मागच्या सीटवर आठ वर्षांची मुलगी. मी खिडकीतून डोकं बाहेर काढलेलं, बायको "डावीकडे घे, अजून डावीकडे" सांगतेय, तशी गाडी कडेला लावली. त्या दोन मिनिटांत काय झालं असतं ते मला अजून रात्री आठवतं.

मनालीच्या मेकॅनिकने बोनेटखालचं कव्हर काढून दाखवलं, लिंकेजच्या, म्हणजे मोटरचा जोर वायपरच्या हातांपर्यंत नेणाऱ्या दांड्यांच्या टोकाची प्लास्टिकची वाटी फुटून सांधा निखळला होता, मोटर फिरतेय पण माझ्या बाजूला जोरच पोचत नाही. घरी आलो तर वॉशरची टाकी पण गळतेय. पाणी गोठलं की साधारण ९ टक्के फुगतं, टाकीला चीर गेलेली.

आता काउंटरवरचं ऐका. तुमच्या मॅनेजरने फोटो बघितले नाहीत, जॉबकार्ड बघितलं नाही. पहिला प्रश्न, "सर, जायच्या आधी गोव्यात वायपर चालत होता ना?" म्हटलं, होता. "मग गाडीत डिफेक्ट नाही." मी म्हटलं अहो, तुम्हीच चेकअप केलंय, मनाली लिहिलंय इथे, बघा. तर हा माणूस चार गिऱ्हाइकांसमोर, माझ्या बायकोसमोर म्हणतो, "बर्फात गाडी घालायला तुम्हाला सांगितलं कुणी?" आणि बाजूच्या पोराकडे बघून हसला. मग नवीन जॉबकार्डवर "कस्टमर मिसयूज" लिहून माझ्यापुढे सरकवलं आणि बोट ठेवून म्हणाला, इथे सही करा. मी सही केली नाही. वर ९,४०० रुपयांचं एस्टिमेट हातात दिलं.

सांगितलं कुणी? तुमच्या जाहिरातीत हीच गाडी बर्फातून जाताना दाखवलीय. काही गाड्यांत बाहेर शून्याखाली असलं तर ऑटो वायपर सुरूच होत नाही, एवढ्यासाठीच. थंडीत चालणारं अल्कोहोलचं वॉशर फ्लुइड बाजारात मिळतं. तुमच्या इंजिनियरना हे माहीत नाही असं मी मानत नाही. माहीत असून गाडीत ती सोय दिली नाही, आणि मी विचारलं तेव्हा चेकअपमध्ये साधं पाणी घातलं. जॉबकार्डवर मनाली लिहून नळाचं पाणी घातलं! हे मी परत लिहितोय कारण पाचही कॉलमध्ये याचं उत्तर कुणी दिलेलं नाही.

माझ्या बाबांची पहिली गाडी तुमच्याच कंपनीची, चौदा वर्षं वापरली, त्या विश्वासावर ही घेतली. आता शेजारी विचारतात तर मी घेऊ नका म्हणून सांगतो, आणि ते सांगताना मलाच वाईट वाटतं.

जूनमध्ये आमच्याकडे पाऊस सुरू होतो, वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास, आणि मला कामासाठी आठवड्यातून दोनदा अनमोड घाट चढावा लागतो. त्याआधी लिंकेज आणि टाकी वॉरंटीत बदलून पाहिजे, मनालीत दिलेले पैसे परत पाहिजेत आणि ते "मिसयूज" खोडून पाहिजे. पंधरा दिवस वाट बघतो. नाही झालं तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे मी राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, दक्षिण गोव्याच्या आयोगात करणार, दोन्ही जॉबकार्डांच्या झेरॉक्स काढून ठेवल्यात.

टोल फ्रीवरून परत फोन नको. उत्तर लेखी पाठवा.