न्यूयॉर्कच्या सबवेत वाजवायचं म्हणतोस, तर

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. न्यूयॉर्कला आलास की सबवेत, म्हणजे इथल्या भुयारी रेल्वेत, बासरी वाजवायची म्हणतोस, आणि त्याच पत्रात जगप्रसिद्ध व्हायोलिनवादक जोशुआ बेलचा किस्सा सांगून 'पण तिथे ऐकतं कोण?' असंही विचारतोस. त्या किस्स्यावरून मला तुझ्याशी भांडायचं आहे.

जानेवारी २००७ मध्ये वॉशिंग्टनच्या मेट्रो स्टेशनात बेलने ४३ मिनिटं आपलं अतिशय मौल्यवान स्ट्रॅडिव्हेरियस व्हायोलिन वाजवलं. हजाराहून जास्त माणसं समोरून गेली, त्यातली ७ थांबली. जमले जेमतेम ३२ डॉलर, आणि ओळखणाऱ्या एकीने दिलेले २० वेगळे. सगळं खरं. पण त्याला उभं कुठे केलं होतं? ऐन सकाळी, गाडीतून उतरलेली माणसं ऑफिस गाठायला धावतात त्या वाटेवर! तिथे कुणालाही उभं केलं असतं तरी हेच झालं असतं. लोकांना कान नाहीत, हे त्यातून अजिबात सिद्ध होत नाही.

तू फलाटावर वाजव. तिथे गाडी येईपर्यंत माणूस कुठे जाणार? सुरुवातीला सगळे मोबाईलमध्ये. मग एखाद्याचा स्क्रीनवर फिरणारा अंगठा थांबतो. मान वर होत नाही, नजरही नाही, नुसता अंगठा थांबतो. तो ऐकतोय! ही खूण मला दिसली की व्हायोलिनवरचा माझा हात आपोआप मोकळा होतो. पुढे बोगद्यातून वारा येतो, रुळांवर उजेड पडतो आणि लोकांचे हात खिशाकडे जातात. तेवढ्यात समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, यायचं. आलाप चार स्वरांत आटोपून सरळ मध्य लयीत शिरायचं. मधल्या रुळांवरून एक्स्प्रेस धडधडत गेली तर तिच्याशी झुंजू नकोस. षड्जावर, आपल्या 'सा'वर, थांब, ती गेली की तिथूनच पुढे चल.

नियमांची धास्ती नको. वाजवून पैसे स्वीकारायला इथे परवाना लागत नाही. गाडीच्या डब्यात मात्र वाजवायचं नाही, आणि स्टेशन कर्मचाऱ्याच्या केबिनपासून २५ फूट लांब राहायचं. फलाटावर स्पीकरला सक्त मनाई आहे, म्हणजे मोबाईलवरचा तानपुराही गेला. स्पीकर हवाच असेल तर वरच्या मजल्यावरच्या मोकळ्या जागेत, तिथेही ५ फुटांवर ८५ डेसिबलच्या आत. सबवे चालवणाऱ्या एमटीए या संस्थेचा स्वतःचा संगीत उपक्रमही १९८०च्या दशकापासून चालू आहे. त्यात ऑडिशन देऊन निवड झाली की मोक्याच्या जागा ठरलेल्या वेळेला मिळतात. पण त्यासाठी थांबून राहू नकोस.

पैशांचं म्हणशील तर वाद्याची पेटी उघडी ठेवून आधी आपल्याच दोन नोटा टाकायच्या, आणि शेजारी क्यूआर कोड, कारण रोख बाळगणारे कमी झालेत. कमाईचा भरवसा नाही, घरभाडं यावर सोडू नकोस. तरी मी जातो, कारण मैफलीला येतात ते आपलं संगीत आधीच आवडणारे. इथे ज्याने आयुष्यात यमन राग ऐकला नाही तो माणूस समोर उभा असतो, आणि कधीकधी त्याची गाडी येते तरी चढत नाही. मित्रा, ही दाद मला दुसरीकडे कुठेच मिळाली नाही.

लांब, खर्जातली बासरी फलाटावर बुडून जाईल. छोटी, चढ्या पट्टीची आण. माझ्या व्हायोलिनची मोकळी तार तुला षड्ज देत राहील, तानपुऱ्याची तेवढीच सोय. तारीख कळव, पहिल्या दिवशी युनियन स्क्वेअर स्टेशनात दोघं मिळून उभे राहू.

तुझाच,
मित्र