हिशेबाची एक प्रत शहराबाहेर हवीच

संपादक महोदय,

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरातला अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं. अशा वेळी पंचनाम्यात माल येतो, फर्निचर येतं. संगणकातले हिशेब येत नाहीत. टेबलाखालचा सीपीयू आणि त्याच टेबलाच्या ड्रॉवरमधली बॅकअपची हार्डडिस्क एकाच पाण्यात भिजतात. हे इतवारी-गांधीबागेतल्या कितीतरी पेढ्यांना आजही पटवून द्यावं लागतं.

क्लाउडचं, म्हणजे इंटरनेटवरून दूरच्या कंपनीच्या सर्व्हरवर प्रत ठेवण्याचं, नाव काढलं की उत्तर ठरलेलं : ‘आपला डेटा दुसऱ्याच्या हाती कशाला द्यायचा?’ शंका रास्त आहे, पण मग आज तो कोणाच्या हाती आहे तेही बघावं. टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्या मुलाला पासवर्ड ठाऊक असतो, दुरून संगणक चालवू देणारं एनीडेस्क दिवसभर चालू असतं आणि पेनड्राइव्ह अकाउंटंटच्या खिशातून घरी जातो. क्लाउडवर पाठवण्याआधी डेटा कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट करता येतो आणि त्याची किल्ली मालकाकडेच राहते. ती मात्र कागदावर लिहून तिजोरीत ठेवावी. हरवली तर सेवा देणारी कंपनीही डेटा उघडू शकत नाही.

सगळा कारभार एका फटक्यात क्लाउडवर न्यावा, असं आमचं म्हणणं नाही. इंटरनेटची एकच लाइन असेल आणि रस्त्याच्या खोदकामात ती अधूनमधून तुटत असेल, तर बिलिंग दुकानातच राहू द्या. आधी फक्त प्रत पाठवा. १०० जीबी डेटा २० एमबीपीएस अपलोडवर चढायला साधारण ११ तास लागतात, म्हणून पहिली प्रत सुटीच्या आदल्या रात्री लावावी. पुढे रोज फक्त बदललेला भाग जातो. ५०० एमबीला चार मिनिटंही लागत नाहीत. लाइन घेताना डाउनलोडचा नाही, अपलोडचा वेग विचारा. टॅलीप्राइममध्ये (टॅलीची नवी आवृत्ती) सगळ्यांना बाहेर काढून ऑल्ट-वाय दाबून बॅकअप घ्यावा आणि ती फाइल पाठवावी. चालू असलेलं डेटा फोल्डर तसंच उचललं, तर प्रत अर्धवट निघण्याचा धोका असतो.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो सिंक आणि बॅकअप एकच समजल्यामुळे. सिंक म्हणजे इथल्या फोल्डरमधला प्रत्येक बदल लगेच वरच्या प्रतीतही होणं. गूगल ड्राइव्हला फोल्डर जोडलं की लोक निश्चिंत होतात. रॅन्समवेअरने, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसने, इथल्या फाइली बिघडवल्या की त्याच बिघडलेल्या फाइली इमानदारीने वर जाऊन बसतात. ऑफिसच्या नेटवर्कला जोडलेल्या साठवणीच्या, म्हणजे एनएएस पेटीत, एकसारखा डेटा ठेवणाऱ्या दोन डिस्क असल्या तरी तेच; एक डिस्क जळाली तर दुसरी वाचवते, व्हायरसपासून नाही. त्यामुळे किमान ३० दिवसांच्या जुन्या आवृत्त्या राहतील आणि मुदत संपेपर्यंत कोणालाही, अगदी अ‍ॅडमिनलासुद्धा, खोडता येणार नाहीत, अशी सोय मागून घ्यावी. तिला ऑब्जेक्ट लॉक म्हणतात. १०० जीबीचं भाडं महिन्याला काही शे रुपये असतं. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेल्यावर सर्व्हरच्या खोलीत रात्रभर एसी चालवायचा, त्यापुढे हा खर्च किरकोळच.

कंपनी म्हणून नोंदणी असलेल्यांना तर टाळाटाळ करण्याची सोयच नाही. कंपन्यांच्या हिशेबाच्या नियमांत ऑगस्ट २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार इलेक्ट्रॉनिक हिशेबवह्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज ठेवावा लागतो. अ‍ॅमेझॉन आणि गूगल यांची केंद्रं मुंबईत, मायक्रोसॉफ्टचं पुण्यात आहे. खातं उघडताना प्रदेश (डेटा कुठल्या ठिकाणच्या सर्व्हरवर राहील ते) तेवढा नीट निवडायचा. प्रोप्रायटर आणि भागीदारी पेढ्यांना हा नियम नाही, पण जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपाव्या लागतात. स्वस्तातली एक पोर्टेबल डिस्क तेवढी वर्षं टिकेलच, असं कोणी धरून चालू नये.

दर तीन महिन्यांनी एक प्रत दुसऱ्या संगणकावर उतरवून ट्रायल बॅलन्स जुळवून पाहावा. ‘बॅकअप यशस्वी’ या मेसेजवर विसंबू नये. आणि क्लाउडचं मुख्य खातं मालकाच्या ईमेलवर, ओटीपी मालकाच्या मोबाइलवर हवा. ते संगणकवाल्याच्या नावावर उघडून दिलेलं असतं आणि पुढे त्याच्याशी बिनसलं की स्वतःचाच डेटा मिळवण्यासाठी विनवण्या कराव्या लागतात. तसं झालं असेल, तर ईमेल आणि मोबाइल नंबर याच आठवड्यात बदलून घ्या.

— संगणक व्यवस्थापन क्षेत्रातील काही वाचक, नागपूर