गार्ड मोड कधीच बंद पडलेला, ॲप म्हणतंय चालू आहे

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय: पार्क केलेल्या गाडीचा कॅमेरा पहारा न सांगता बंद पडला त्याबद्दल तक्रार

नमस्कार,

आधीची तक्रार तुम्ही परस्पर ‘निराकरण झाले’ असा शेरा मारून बंद केलीत, म्हणून आता सगळं नीट लिहून पाठवतेय आणि यावेळी कृपा करून कोणीतरी शेवटपर्यंत वाचा. मागच्या वेळी जे उत्तर आलं त्यात मी न विचारलेल्या गोष्टींची भरपूर माहिती होती, कॅमेऱ्याची काच पुसायची कशी वगैरे, फक्त मी जे विचारलं होतं तेच नव्हतं.

झालं असं की बाहेरगावी जायचं होतं म्हणून माझी इलेक्ट्रिक गाडी एअरपोर्टच्या पार्किंगला लावली, गार्ड मोड (उभ्या गाडीच्या कॅमेऱ्यांनी पहारा ठेवणारी सोय) ऑन केला, ॲपमधे बघितलं, हिरवं बटण, चालू. तिकडे असताना अधूनमधून ॲप उघडून बघत होते, दर वेळी हिरवं, चालू. परत आले तर डावीकडचे दोन्ही दरवाजे मागच्या चाकापर्यंत खरवडलेले आणि आरसा वायरवर लोंबकळतोय. जीव चरकला, पण म्हटलं ठीक आहे, निदान कोणी केलं ते तरी दिसेल, त्यासाठीच तर हा सगळा खटाटोप. ज्यावर गाडी क्लिप साठवते तो पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावला तर सुरुवातीच्या क्लिप व्यवस्थित आहेत, शेजारी गाड्या येतायत जातायत, कोणी बॅग ओढत चाललंय, आणि मग एकदम काहीच नाही. धडक नाही, गाडी नाही, शेवटच्या क्लिपनंतर मी स्वतः दार उघडतेय ती क्लिप.

सर्व्हिस सेंटरच्या मुलाने (तो बिचारा नीट बोलला, त्याच्याबद्दल काही म्हणणं नाही) गाडीला लॅपटॉप जोडला आणि सांगितलं, मॅडम, बॅटरी २० टक्क्यांच्या खाली गेली की गार्ड मोड आपोआप बंद होतो, डिझाइनच तसं आहे. बरं, असेल. मग ॲपमधे चालू का दाखवत होतं? तर म्हणे ते बटण ‘सेटिंग’ दाखवतं, मोड प्रत्यक्षात चालतोय की नाही ते दाखवत नाही. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं म्हणून परत विचारलं, तर तेच उत्तर.

म्हणजे ॲपवर मला माझीच इच्छा दिसते. मी ऑन केलं म्हणून ऑन. गाडीचे कॅमेरे जागे आहेत की झोपलेत ते कळायला काहीच मार्ग नाही. ही माझी मुख्य तक्रार आहे, बाकी पुढे जे लिहिलंय ते याच्याच अनुषंगाने आहे, त्यामुळे उत्तर देताना आधी याचं द्या. वॉचमन ड्युटी सोडून निघून गेला आणि जाताना केबिनमधला दिवा मुद्दाम चालू ठेवून गेला, असला हा प्रकार आहे. त्यापेक्षा वॉचमन नाही हे माहीत असलेलं परवडतं, मी गाडी दुसरीकडे लावली असती किंवा कोणाला तरी घेऊन जायला सांगितलं असतं.

२० टक्क्यांची अट चूक आहे असं माझं म्हणणंच नाही. गाडी परत आल्यावर चालली पाहिजे, चार्जरपर्यंत तरी पोचली पाहिजे, एवढं मलाही कळतं. पण ती बॅटरी संपवली कोणी? तुमच्याच गार्ड मोडने. हा हिशोब विकताना कोणी सांगत नाही म्हणून इथे लिहिते. असे मोड साधारण २५० ते ३०० वॅट खातात. २५० धरले तरी चोवीस तासांचे ६ युनिट झाले. ६० युनिटची बॅटरी असेल तर रोज १० टक्के गेले, गाडी जागची हलली नाही तरी. रेंजमधे बोलायचं तर दिवसाला सुमारे ४० किलोमीटर उभ्या उभ्या उडाले. ७० टक्क्यांवर गाडी लावून गेलात तर पाच दिवसांत वीसवर येते आणि पहारा संपला. आठवडाभर बाहेर जाणाऱ्या माणसाला शेवटचे दोन दिवस हा मोड उपयोगाचाच नाही, आणि गाडी एअरपोर्टला लावणारा माणूस बहुतेक वेळा तेवढाच बाहेर असतो!

आणि एवढी वीज कॅमेऱ्यांना लागते असंही नाही, कॅमेरे खूप कमी खातात. खातो तो गाडी चालवताना मदत करणारा मोठा कॉम्प्युटर, तोच बिचारा रात्रभर जागा ठेवायचा, त्याला थंड ठेवायचं, त्यासाठी मोठी बॅटरी जोडलेली ठेवायची आणि तिच्यातून १२ व्होल्टची लाइन चालवायची. एक चित्र बघायला अख्खी यंत्रणा जागी. बाजारातून वेगळे घेऊन बसवायचे साधे डॅशकॅम (काचेमागचे छोटे कॅमेरे) पार्किंग मोडमधे काही वॅटमधे काम भागवतात. काही तर झोपलेलेच असतात आणि धक्का बसला की उठून रेकॉर्ड करतात, त्यात धक्क्याच्या आधीचे क्षण हुकतात हे मान्य, पण धडक देऊन मागे जाणारी गाडी तरी मिळते. मग तुमच्या गाडीत असं का नाही की वीस टक्क्यांवर आलं की सगळं बंद करण्याऐवजी फक्त धक्का ओळखणारा हलका मोड चालू राहील? धक्का ओळखणारा सेन्सर गाडीत आहेच, अलार्म त्यावरच वाजतो ना. इंजिनिअर मी नाही, त्यामुळे यात काही अडचण असेल तर सांगा, ऐकून घेईन, पण ‘डिझाइननुसार आहे’ हे उत्तर नको. डिझाइन तुम्हीच केलंय.

बरं, हे जगात कोणालाच जमलेलं नाही असंही नाही. हा प्रकार गाजवला टेस्लाने, २०१९ मधे सेंट्री मोड आणून, आणि तिथेही २० टक्क्यांची अट आहेच. पण त्यांच्या मॅन्युअलमधे सरळ लिहिलंय की चार्ज त्याच्या खाली गेला की मोड बंद होतो आणि ॲपवर नोटिफिकेशन येतं. एक नोटिफिकेशन! एवढंच मागतेय मी. तुमचं ॲप मला टायरमधली हवा कमी झाल्याचं सांगतं, नवीन रंगात गाडी आली म्हणून सांगतं, सर्व्हिसवरच्या ऑफरचे मेसेज तर विचारू नका, आणि पहारा बंद पडलाय एवढं सांगायला त्याला जमत नाही.

दुसरी गोष्ट पेनड्राइव्हची, तीही याच जातीची आहे. मोड चालू असताना झाडाची सावली हलली, शेजारच्या गाडीचं कव्हर वाऱ्याने फडफडलं, कोणाचे हेडलाइट फिरले की गाडीला वाटतं काहीतरी झालं आणि क्लिप सेव्ह. साधं चालू रेकॉर्डिंग जुनं पुसून नवीन लिहीत जातं पण या ‘इव्हेंट’वाल्या क्लिप आपोआप पुसल्या जात नाहीत, हाताने पुसाव्या लागतात. त्यामुळे फडफडणाऱ्या कव्हरने ड्राइव्ह भरून टाकली की खरी धडक लिहायला जागाच नाही. याचीही वॉर्निंग आहे म्हणे. कुठे? गाडीच्या आतल्या स्क्रीनवर. गाडी लॉक आहे, आत कोणी नाही, मालक दुसऱ्या गावात आहे आणि वॉर्निंग आतल्या स्क्रीनवर, कोणासाठी? हे ठरवलं त्या मीटिंगला मला बसायला आवडलं असतं.

ड्राइव्ह कुठली घ्यायची याबद्दलही धड काही सांगितलेलं नाही. सतत लिहीत राहणाऱ्या कामाला साधी पेनड्राइव्ह लवकर झिजते, त्यात बंद गाडीतली उन्हाची गरमी, म्हणून लोक जास्त टिकाऊ कार्ड वापरतात हे मला बाहेरून कळलं. डिलिव्हरीच्या वेळी तुमच्या माणसाने खिशातून निघेल ती लावा चालेल म्हटलं होतं. आणि ती ड्राइव्ह समोर पुढच्या सीटच्या मधे उघड्यावर खोचायची, म्हणजे काच फोडून कोणी आत हात घातलाच तर पुरावा सगळ्यात आधी त्याच्याच हाताला लागणार. कुलूप असलेल्या कप्प्यात एक पोर्ट द्यायला काय झालं होतं?

चित्राच्या क्वालिटीबद्दल फार बोलत नाही. हे कॅमेरे रस्ता बघायला बसवलेत, रात्री शेजारच्या गाडीची नंबर प्लेट वाचायला नाही, ते समजून घेऊ. फक्त जाहिरातीत रात्रीच्या अंधारात चोराचा चेहरा लख्ख दिसतो तेवढं काढा.

आता तिसरं, आणि हे मला सर्व्हिस सेंटरमधे नाही तर शेजारच्या काकूंनी विचारल्यावर लक्षात आलं. त्या म्हणाल्या, तुझी गाडी येताजाता आमचं शूटिंग करते का गं? मी म्हटलं हो, म्हणजे करते खरी, पण ते माझ्याकडेच राहतं. आणि मग मलाच शंका आली की खरंच माझ्याकडेच राहतं का. तुमच्या अटी काढून वाचल्या तर ‘सेवा सुधारण्यासाठी’ काही क्लिप तुमच्याकडे जाऊ शकतात असं एक वाक्य आहे. कुठल्या, कधी, कोण बघतं, किती दिवस ठेवता, काहीही नाही. ही शंका उगाच नाही. २०२३ मधे रॉयटर्स या वृत्तसंस्थेने बातमी दिली होती की टेस्लाच्या काही कर्मचाऱ्यांनी ग्राहकांच्या गाड्यांच्या कॅमेऱ्यातली खासगी चित्रं आपापसात फिरवली होती. त्याच वर्षी नेदरलँड्सच्या डेटा संरक्षण प्राधिकरणाने सेंट्री मोडची चौकशी करून जे सांगितलं ते तर प्रत्येक मालकाने वाचावं असं आहे, की अशा शूटिंगची कायदेशीर जबाबदारी गाडीच्या मालकावर येते, कंपनीवर नाही. त्या दरम्यान टेस्लाने बदलही केले, कोणी गाडीला हात लावला तरच मालकाला फोनवर कळेल आणि त्याने तसं सेटिंग केलं असेल तरच रेकॉर्डिंग सुरू होईल, रेकॉर्डिंग चालू असताना हेडलाइट लुकलुकतील म्हणजे बाजूच्याला कळेल, आणि तासाभराऐवजी शेवटची दहाच मिनिटं साठवायची. इथला कायदा वेगळा असेल, पण काकूंना काय उत्तर देऊ ते मला कळलं पाहिजे. तुमच्या गाडीत बाहेर कुठलाही दिवा लागत नाही, आणि घराजवळ असताना मोड आपोआप बंद ठेवायची सोयही नाही, रोज आठवणीने हाताने बंद करा.

गंमत बघा, शेजाऱ्यांचं शूटिंग नको असतं तिथे तो व्यवस्थित चालतो आणि जिथे हवा होता तिथे झोपला.

आता मला काय हवंय ते. त्या दिवसांची गाडीची नोंद मला लेखी द्या, गार्ड मोड नक्की किती तारखेला किती वाजता बंद झाला आणि तेव्हा चार्ज किती होता. सर्व्हिस सेंटरच्या स्क्रीनवर मी ती ओळ डोळ्यांनी पाहिली आहे, ‘अंतर्गत माहिती आहे, देता येत नाही’ हे मला पटत नाही, गाडी माझी आहे. विमा कंपनीला फुटेज का नाही हे पटवून द्यायला तो कागद लागतोय आणि माझा क्लेम त्याच्यावाचून अडकलाय, त्यामुळे हे सगळ्यात आधी. ॲपमधे मोड खरोखर चालतोय की नाही हे दिसू द्या, आणि चार्जमुळे म्हणा, ड्राइव्ह भरल्यामुळे म्हणा, कशानेही बंद पडला की फोनवर कळवा. हे अपडेटमधे कधी येणार याची तारीख सांगा, ‘टीमला कळवलं आहे’ नको, टीमला मीही कळवू शकते. विक्रीच्या वेळी हा मोड रोज किती चार्ज खातो ते छापील द्या. आणि माझ्या गाडीतून आजपर्यंत किती क्लिप तुमच्याकडे गेल्या ते सांगा, नसतील गेल्या तर तसं लिहून द्या.

दरवाजे आणि आरशाच्या दुरुस्तीचा खर्च तुम्ही द्या असं मी म्हणत नाहीये, धडक तुम्ही दिली नाही. पण ज्या फीचरसाठी वरच्या व्हेरिअंटचे पैसे घेतले ते ॲपवर खोटं दाखवत होतं, त्याचं काय करणार ते तुम्ही सुचवा.

ॲपचे स्क्रीनशॉट, गाडीचे फोटो आणि शेवटच्या क्लिपची मूळ फाइल सोबत जोडली आहे. पंधरा दिवसांत ईमेलवर उत्तर द्या. फोन करू नका, मागच्या वेळी फोनवर जे बोलणं झालं त्यातलं एकही वाक्य तुमच्या तक्रारीच्या नोंदीत नाही. आणि लेखी उत्तर येईपर्यंत ही तक्रार बंद करू नका.

तुमची एक ग्राहक